येते हं

हे मी यांनाही सांगितलेलं नाही. ‘यांना’ म्हणजे माझ्या नवऱ्याला. आमटीत मीठ जास्त पडलं तरी ताट वाढायच्या आधी ज्याला सांगून टाकते, त्याला. बहिणीला नाही, मुलांना तर नाहीच. देवाला सांगितलं नाही, कारण देव तिथेच होता — कपाटात. ते पुढे येईलच. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? कदाचित तुम्ही मधेच “जाऊ दे गं, झालं ते झालं” म्हणू शकणार नाही, म्हणून.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. आम्ही दुबईत, करामामध्ये राहत होतो. हे जबल अलीच्या एका गोदामात सुपरवायझर आणि मी ऊद मेथाच्या एका भारतीय शाळेत इतिहासाची शिक्षिका. शिक्षिका म्हणून मी चांगली होते. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही — म्हणजे थोडी फुशारकी असेलही — पण ते तुम्हाला कळायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

अमेरिकेचं यादवी युद्ध हा माझा हातखंडा धडा. पुस्तकात त्याला जेमतेम दीड पान, पण मी तो आठवडाभर रंगवायची. वर्गातल्या मराठी मुलांना आधी ‘यादवी’ शब्द समजावून द्यायची. कृष्णाचे यादव आपसातच लढून संपले, ती यादवी. शत्रू बाहेरून येत नाही, एका पंगतीला जेवलेली माणसंच एकमेकांवर उठतात. मग उत्तर आणि दक्षिण. एकाच देशाचे दोन तुकडे, चार वर्षांचं युद्ध, लाखो मेलेले. आणि भांडणाचं मूळ काय? एक माणूस दुसऱ्याच्या मालकीचा असू शकतो का, एवढंच. पुस्तकात कर, राज्यांचे हक्क वगैरेही असायचं. मी म्हणायची, ती सगळी वरची साल आहे, सोला आणि आत बघा.

त्यातही माझा आवडता भाग म्हणजे युद्धाच्या काही वर्षं आधी झालेला तो कायदा. दक्षिणेतून पळून उत्तरेत आलेल्या गुलामाला पकडून परत द्यायचं. म्हणजे ज्याच्या घरात सात पिढ्यांत कुणी गुलाम ठेवला नव्हता, त्यालाही आता ठरवावं लागलं. दारात एक बाई धापा टाकत उभी आहे — तिला आत घ्यायचं, की बोट दाखवून सांगायचं, ती बघा, तिकडे गेली? मी मुलांना विचारायची, तुम्ही काय केलं असतं? सगळे हात वर. “वुई विल हाइड हर, मिस!” मीही मनातल्या मनात हात वर करायची.

आता सुलभाबद्दल सांगते. उशीरच करते आहे, मला कळतंय.

सुलभा राजापूरकडची. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, पण मी तिला नावानेच हाक मारायची आणि ती मला वहिनी म्हणायची. नवरा पाठीच्या दुखण्याने घरी बसलेला, एकुलती मुलगी रेश्मा. यांच्या गोदामातल्या एका कामगाराच्या ओळखीतून आम्ही तिला आणली होती. माझा धाकटा, यश, दम्याचा. त्याला ती सांभाळायची, स्वयंपाक करायची, घर बघायची. मुलं तिला मावशी म्हणायची. माझी केतकी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देणारी, पण मावशीशी मात्र मोडकंतोडकं का होईना मराठीत बोलायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगायची, “ही कामाची बाई नाही हं, ही आमच्या घरचीच.”

घरचीच! पण घरात सगळ्यांचे पासपोर्ट ज्याच्या त्याच्या हाताशी होते, हिचा तेवढा माझ्या कपाटात. तिथे तशीच पद्धत होती, सगळेच ठेवायचे. आम्ही तर चांगले लोक, म्हणून आम्ही तो देवाजवळ ठेवला होता. भाड्याच्या फ्लॅटमध्ये वेगळं देवघर कुठलं? बेडरूमच्या कपाटातला मधला कप्पा हेच देवघर. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, समई, हळदीकुंकवाचा करंडा आणि वस्त्राखाली सुलभाचा पासपोर्ट.

ती गुलाम नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ती पगारावर होती, आपल्या मर्जीने आली होती, तिच्या अंगाला कुणी बोट लावलं नाही. तो मोठा शब्द इथे आणून बसवला तर माझं पाप उगीच ऐतिहासिक होईल, आणि मला तेवढीही मोठी जागा नको आहे. माझं पाप घरगुती आहे.

रेश्माला दिवस गेल्याची बातमी दिवाळीच्या सुमारास आली. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, सातव्यात आईने ओटी भरून मुलीला घरी आणायची. हे मी तुम्हाला काय सांगावं! सुलभाने त्याच दिवशी मला विचारलं, “वहिनी, जानेवारीअखेर मला पाठवाल का? पोरीला आणायची तर मी तिथं हवी.” मी म्हटलं, बघू. पुन्हा विचारलं तेव्हा म्हटलं, फेब्रुवारीत आमच्या शाळेत प्रदर्शन आहे, माझ्या अंगावर आहे, ते होऊ दे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं, आता परीक्षा तोंडावर आल्या, मार्च संपला की पाठवते.

“मार्चात तिचे दिवस भरतात, वहिनी,” ती म्हणाली. एवढंच. कणीक मळता मळता.

प्रदर्शन कसलं होतं, विचारा. ‘स्वातंत्र्याच्या लढाया’. विषय मी निवडला होता, आणि दहावीच्या मुलांचं यादवी युद्धाचं दालन त्यात सगळ्यांत मोठं असणार होतं. स्वातंत्र्याचे तक्ते रंगवून घ्यायला मला घरी एक बाई अडकवून ठेवायला हवी होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण मी तेव्हा कितीतरी वेळा दुसऱ्यांसाठी वापरली असेल.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी हे केतकीला घेऊन मासळीबाजारात गेले होते. सुलभाला शुक्रवारी अर्धा दिवस सुट्टी असायची, तेव्हा ती गावच्या बायकांना भेटायला जायची आणि दारातून ओरडायची, “वहिनी, जाऊन येते!” त्या दिवशी ती ओरडली नाही. बेडरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. अंगावर ठेवणीतली साडी, हातात कापडी पिशवी, जरा फुगलेली. मागे ओटा लखलखीत पुसलेला, यशची औषधं ओळीने मांडलेली. खाली वाकून तिने माझ्या पायांना हात लावला. वयाने मोठी असून. मग म्हणाली, “वहिनी, येते हं.”

आपल्यात जाते म्हणत नाहीत. कायमचं जाणारं माणूसही येते म्हणूनच उंबरा ओलांडतं. त्यामुळे मी नंतर स्वतःला किती सोयीने सांगू शकले असते, की बाई, ती तर येते म्हणाली होती, मला वाटलं संध्याकाळी येईल! कित्येक वर्षं मी ते सांगूनही पाहिलं.

पण माझ्या हाताने तेव्हाच घात केला. हात आपोआप कपाटाकडे गेला. मधला कप्पा उघडला, करंडा काढला, आणि मी तिला हळदकुंकू लावलं. सांगा बरं, शुक्रवारच्या फेरफटक्याला निघालेल्या बाईला कुणी कुंकू लावतं का? लांबच्या प्रवासाला निघालेल्या सवाष्णीला लावतात. मला माहीत होतं. ती कुठे चालली आहे, का चालली आहे, सगळं माहीत होतं. आणि करंडा काढताना माझी बोटं त्या वस्त्रावरून गेली. खालचा पासपोर्ट बोटांना लागला. ती दाराशी क्षणभर थांबली होती. कप्पा उघडा होता. तिने मागितला नाही. मी दिला नाही. मी फक्त म्हटलं, “ये.”

का दिला नाही? खरं सांगते — मला राग आला होता. पाया पडणाऱ्या बाईचा राग! प्रदर्शन तोंडावर असताना ही मला टाकून चालली, याचा. जायचं तर जाऊ दे, पण मी कशाला मदत करू? इतका क्षुद्र राग होता तो. आणि त्याच वेळी मला रडूही येत होतं, तेही खोटं नव्हतं.

दुपारी हे आले. जेवणं झाली, संध्याकाळ झाली. यांनी विचारलं, सुलभा कुठे? आणि मी — अजून हे लिहिताना पेन थांबतं — मी स्वयंपाकघरात जाऊन बघून आल्याचं नाटक केलं. म्हटलं, “अहो, तिची पिशवी नाही. पळाली वाटतं.”

हे चिडले तर घर डोक्यावर घेतात. ‘तुझ्यादेखत गेली आणि तू कुंकू लावत बसलीस?’ हे वाक्य मला आधीच ऐकू आलं होतं. तिचा व्हिसा यांच्या नावावर, जबाबदारी यांची. भ्याले मी. दुसऱ्या दिवशी यांनी कंपनीत सरकारी कामं बघणाऱ्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, “साब, रिपोर्ट कर दो, खलास. कल कुछ हुआ तो आपके ऊपर आएगा.” यांनी रिपोर्ट केला. मग पद्धतीप्रमाणे पेपरात फोटोसकट छोटी चौकट आली. सदर बाई फरार आहे, तिच्या कुठल्याही व्यवहाराला आम्ही जबाबदार नाही, दिसल्यास कळवावे. फोटोत तिच्या अंगावर माझी साडी होती. व्हिसाच्या फोटोसाठी मीच दिलेली, मोरपंखी.

बरं, ती पळून गेली कुठे? सरळ भारतीय वकिलातीत. सातव्यात लेकीला आणायची आहे, मालकांना जरा फोन करून समजावून सांगा, एवढंच मागायला. तिला वाटलं असणार, वहिनींनी कुंकू लावलंय, म्हणजे त्यांची ना नाही. फोनवर त्या हो म्हणतील. पण फोन व्हायच्या आधी रिपोर्ट झाला होता. मग नियमाने जे होतं ते झालं. ती काही आठवडे कोठडीत राहिली, तिथून परस्पर परत पाठवली गेली, पुन्हा त्या देशात यायची बंदी. पासपोर्ट हे स्वतः जाऊन देऊन आले. कपाटातून मीच काढून दिला. या वेळी तो पटकन निघाला.

आता प्रदर्शन. ते झालं, उत्तम झालं. त्याच्या आदल्या आठवड्यात मुलं फरशीवर जुने पेपर पसरून तक्ते रंगवत होती. यादवी युद्धाच्या आधीच्या काळात मालक लोक पळालेल्या गुलामांच्या जाहिराती द्यायचे, त्यांची नक्कल एका गटाने केली होती. अंगावर कुठला झगा, गालावर कुठला व्रण, आणि बहुतेकींत ते एक वाक्य — काही कारण नसताना पळाली. नौशीन नावाची एक हुशार मुलगी होती. तिने रंगाच्या डब्याखालचा पेपर ओढून काढला आणि तक्त्याशेजारी धरला. “मिस, लुक! सेम टु सेम!”

पाहते तर मोरपंखी साडी.

वर्ग माझ्याकडे बघत होता. त्या क्षणी मी त्यांना इतिहास शिकवू शकले असते, आयुष्यात एकदाच. मी म्हटलं, नो, नौशीन, धिस इज डिफरंट. शी ब्रोक अ कॉन्ट्रॅक्ट. नौशीन “ओके मिस” म्हणाली आणि पेपर पुन्हा डब्याखाली सरकवला. मुलांचा माझ्यावर विश्वास होता.

तुम्हाला वाटेल, झाली कबुली. नाही झाली. मी अजून गोल गोल फिरते आहे. इथवरचं सगळं भीतीपोटी, रागापोटी झालं, आणि एखादा दयाळू माणूस ते समजून घेईलही. पुढचं तसं नाही.

मे महिन्यात गंगाराम आमच्याकडे आला. सुलभाची ओळख काढून देणारा यांच्या गोदामातला कामगार तो हाच, तिच्या शेजारच्या वाडीतला. सुट्टीवरून परतला होता, कोकमं आणि फणसाची साटं घेऊन. सोफ्याच्या अगदी कडेला बसून चहा प्यायला. हे समोरच होते. बराच वेळ गोदामाच्या गप्पा झाल्या. मग त्याने कप खाली ठेवला.

“वहिनी, एक विचारू काय? रागावू नका हां.”

आणि त्याने सांगितलं. पेपरातला फोटो जबल अलीच्या कामगारांच्या कॅम्पात फिरला होता. कुणीतरी गावी फोन केला, सुलभा पळाली. इथे इंग्रजी पेपरात छापलेल्या ‘अॅब्स्कॉन्डेड’ या शब्दाचा अर्थ काम सोडून गेली. पण तोच शब्द मराठीत कोकणातल्या वाडीत पोचला, तेव्हा त्याचा काय अर्थ होतो? लग्नाची बाई पळाली म्हणजे काय होतं, हे मी सांगायला नको. सासरच्यांनी रेश्माला माहेरी पाठवलंच नाही. जिची आई कुणाबरोबर पळाली, तिच्या घरात आमचं मूल जन्माला घालायचं? सुलभा गावी पोचली तोवर रेश्मा सासरीच बाळंत झाली होती. मुलगी झाली. सुलभा बाळंतविडा घेऊन गेली तर तिला ओटीवरून परत पाठवली. बारशालाही बोलावलं नाही.

“सुलभाकाकी देवावर हात ठेवून सांगते,” गंगाराम म्हणाला, “मी वहिनींच्या पाया पडून, येते म्हणून निघाले. वहिनींनी मला कुंकू लावलान. पण कोण ऐकतंय? म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारूया. तुम्ही नुसतं हो म्हणालात तर मी आज फोन करून सांगतो. तुमचा शब्द ते मानतील, मास्तरीणबाईंचा शब्द.”

हे माझ्याकडे बघायला लागले. “कुंकू?” हे म्हणाले.

समजतंय ना तुम्हाला? ती बाई स्वतः माझ्या दारात येऊन उभी राहिल्यासारखीच होती. या वेळी मला काही द्यायचं नव्हतं, पासपोर्ट नको, रजा नको. एक हो. तेवढ्याने तिला तिची लेक परत मिळणार होती. फार तर हे चिडले असते, दोन दिवस, चार दिवस. कदाचित महिनाभर बोलले नसते. मी दुसऱ्या बाजूला ठेवलेलं वजन फक्त तेवढं होतं.

मी म्हटलं, “नाही रे. मला काहीच सांगून गेली नाही. कामाच्या घाईत मला कुठलं आलंय कुंकू?”

हसूनसुद्धा म्हटलं. गंगारामने मान डोलावली. “तसंच वाटलं होतं,” म्हणाला, आणि वर माझीच माफी मागितली. त्याने आणलेल्या कोकमांचं सार मी त्या रविवारी केलं. सगळ्यांना आवडलं.

पुढे फार काही नाही. आम्ही नंतर अबू धाबीला गेलो, मोहम्मद बिन झायद सिटीत भाड्याने घर घेतलं, मी दुसऱ्या शाळेत लागले. यादवी युद्ध तिथेही शिकवलं, दरवर्षी. तो प्रश्न मात्र विचारणं सोडलं — तुम्ही काय केलं असतं? वेळ नाही, पोर्शन राहिलाय, असं सांगायची. आता निवृत्त होऊन पुण्यात आहे. मधे एका लग्नासाठी रत्नागिरीला गेले होते. तिथून राजापूरची एसटी दर तासाला सुटते. मी स्टँडवर उभी राहून ती सुटताना पाहिली आणि कार्यालयात परत आले. पंगत बसायची होती.

केतकी आता नोकरीला लागली आहे. घरातून बाहेर पडताना ती पायात बूट घालता घालता म्हणते, “मॉम, आय अॅम गोइंग.” तिची आजी असती तर म्हणाली असती, जाते म्हणू नये गं, येते म्हणावं. मी तिला ते शिकवलं नाही. माझ्या तोंडून तो शब्द निघत नाही, आणि तो करंडा मी तेव्हापासून दुसऱ्या खोलीत ठेवला आहे.

मला कुणाकडून काही नको आहे. रेश्माची मुलगी आता मोठी झाली असेल. तिला आजी माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. गंगारामला जे त्या दिवशी सांगायचं होतं, ते इथे लिहून ठेवते. उपयोग काही नाही. सुलभा पळाली नव्हती. माझ्या पाया पडून ती “वहिनी, येते हं” म्हणाली होती. मी तिला कुंकू लावलं होतं, आणि मी “ये” म्हटलं होतं.